निळा गेला, रंग गेला नाही: मिथिलीन ब्लू आणि कॅरागीननचं एक प्रकरण

फेब्रुवारीत माझ्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने पाण्यातला रंग काढून टाकण्याच्या प्रकल्पाचं कोष्टक माझ्यापुढे ठेवलं. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं ‘रंग काढून टाकल्याचं प्रमाण, टक्के’ आणि कॅरागीनन या समुद्रशेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या ओळीत आकडा होता ८२. मी कोष्टक वाचलं, दोन प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि खाली सही केली. तो आकडा चुकीचा होता. उपकरण बरोबर होतं, तिचा हात स्वच्छ होता, बेरीज-वजाबाकीही बिनचूक होती. तरीही त्या फ्लास्कमधून रंग गेलेलाच नव्हता. हे कसं घडलं, ते आम्हाला कसं कळलं आणि त्या आकड्यामागे खरं काय चाललं होतं, ते मुळापासून मांडते. रंग काढण्याचे असे प्रकल्प आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत दरवर्षी होतात आणि आमची चूक त्यातल्या कुणाच्याही हातून होऊ शकते.

सुरुवात गुऱ्हाळात झाली. मुलगी करवीर तालुक्यातली, घरचं गुऱ्हाळ. उसाचा रस काहिलीत तापायला लागला की रानभेंडीची खोडं ठेचून, पाण्यात भिजवून काढलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओततात. थोड्या वेळाने रसातली घाण त्या चिकट पाण्याला धरून वर येते, मळी होते, आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिचा प्रश्न साधा होता: भेंडी रसातली घाण गोळा करते, तर पाण्यातला रंग गोळा करील का? प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला प्रश्न माझ्याकडे त्या वर्षी कुणीच आणला नव्हता.

भेंडीच्या चिकट पाण्यातला मुख्य घटक म्हणजे एक आम्लधर्मी पॉलिसॅकराइड. साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी आणि तिच्यात मधूनमधून गॅलॅक्टुरॉनिक आम्लाचे घटक. पाण्यात या आम्लगटांवर ऋण भार येतो. म्हणून रंगही आम्ही धन भाराचा घेतला, मिथिलीन ब्लू. तुलनेला ऋण भाराचे आणखी दोन पॉलिमर, म्हणजे अशाच लांब साखळीचे पदार्थ, ठेवले: तपकिरी समुद्रशेवाळातून मिळणारं सोडियम अल्जिनेट आणि तांबड्या शेवाळातून मिळणारं आयोटा कॅरागीनन. अल्जिनेटवर कार्बॉक्सिलेट गट असतात, कॅरागीननवर सल्फेट. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. त्या वेळी आम्ही तो कोष्टकात नुसता लिहून ठेवला होता.

पद्धत नेहमीचीच. ऊर्ध्वपातित पाण्यात १० मायक्रोमोलर मिथिलीन ब्लू, म्हणजे लिटरला साधारण ३.२ मिलिग्रॅम. फ्लास्कमध्ये पॉलिमरची मात्रा घालायची, ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं, फिल्टर पेपरमधून गाळायचं आणि गाळलेल्या द्रावणाचा ६६४ नॅनोमीटरला ॲबसॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो त्याचं माप, घ्यायचा. मिथिलीन ब्लूचा शिखरबिंदू तिथेच असतो. सुरुवातीच्या द्रावणाचा ॲबसॉर्बन्स ०.८० होता. भेंडी घातल्यावर तो ०.७३ झाला, अल्जिनेटने ०.६२ आणि लिटरला ३ मिलिग्रॅम कॅरागीननने थेट ०.१४. त्यावरून भेंडी ९ टक्के, अल्जिनेट २२ आणि कॅरागीनन ८२.

मला खटकायला हवं होतं ते पुढच्या ओळींत. कॅरागीननची मात्रा १० मिलिग्रॅम केली तर ८० टक्के, ५० केली तर ६७, २०० केली तर ५२. औषध वाढवलं आणि गुण कमी झाला. तिने याचं कारण लिहिलं होतं आणि ते पुस्तकातलं होतं: गढूळ पाणी निवळताना पॉलिमर गरजेपेक्षा जास्त पडला की कणांवर उलटा भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी पुन्हा गढूळ होतं. हे खरंच घडतं. जलशुद्धीकरणात काम केलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. त्यामुळे मी मान डोलावली. खरा असलेला सिद्धांत चुकीच्या जागी इतका चपखल बसला की आम्ही दोघींनी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

तो विचारला आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी. संध्याकाळी फ्लास्क धुताना ते म्हणाले, “मॅडम, ह्या पोरीचा रंग गेलाय म्हणताय, मग बेसिन जांभळं कशानं झालंय ओ?”

मी जाऊन पाहिलं. बेसिनच्या पांढऱ्या चिनी मातीवरून फिकट, पण स्पष्ट जांभळं पाणी चाललं होतं. ८२ टक्के रंग निघून गेला असता तर उरलेलं द्रावण फिकट निळं दिसायला हवं होतं, कारण उरलेला रंग मिथिलीन ब्लूच. जांभळं कुठून आलं? आमच्यापैकी कुणीही, म्हणजे तिने किंवा मी, गाळलेला फ्लास्क खिडकीपाशी धरून पाहिला नव्हता. आम्ही पाहिला तो उपकरणाच्या पडद्यावरचा आकडा. मला या सगळ्या प्रकरणात आजही सर्वांत जास्त लागतं ते हेच. रंगावरचा प्रयोग दोन आठवडे चालला आणि रंगाकडे कुणी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच तरंगलांबीवर न थांबता ४०० ते ७५० पर्यंत पूर्ण स्कॅन घेतला. नुसत्या रंगाच्या द्रावणाचा आलेख ओळखीचा होता: ६६४ ला उंच शिखर आणि त्याच्या डाव्या खांद्यावर ६१० च्या आसपास एक उंचवटा. कॅरागीनन घातलेल्या द्रावणात ६६४ चं शिखर जवळजवळ कोसळलं होतं आणि ५६५ च्या आसपास एक रुंद, बुटका डोंगर उभा राहिला होता. रंग तिथेच होता. तो फक्त दुसऱ्या ठिकाणी प्रकाश शोषत होता. ६६४ चा लाल प्रकाश आता बऱ्यापैकी आरपार जात होता, पिवळसर हिरवा अडत होता, म्हणून डोळ्याला जांभळा दिसत होता. उपकरणाला आम्ही विचारलं होतं, “६६४ ला काय आहे?” आणि त्याने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. ते उत्तर आम्ही ‘पाण्यात रंग किती आहे’ या प्रश्नाखाली लिहून टाकलं.

या घटनेला मेटाक्रोमसी म्हणतात आणि ती जुनी आहे. मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये हाइनरिख कारो यांनी बनवला. त्याच काळात पॉल एर्लिख ऊतींचे काप निरनिराळ्या ॲनिलिन रंगांनी रंगवत होते. काही पेशींमधले कण रंगाच्या मूळ छटेऐवजी वेगळीच छटा घेतात, हे त्यांनी नोंदवलं. त्या पेशींना आपण आज मास्ट सेल म्हणतो. टोल्युडीन ब्लूने मास्ट सेल रंगवल्या की बाकीचा काप निळा आणि त्यांचे कण जांभळे दिसतात, हे पॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञांना नवं नाही. त्या कणांत हेपरिन असतं आणि हेपरिन म्हणजे सल्फेट गटांनी भरलेली साखरेची साखळी. आमचं कॅरागीनन रसायनाच्या नात्याने त्याचं चुलत भावंड. लिओनोर मायकेलिस आणि सॅम ग्रॅनिक यांनी १९४५ मध्ये या रंगबदलावर लिहिलं, आणि तेव्हापासून तो रंगाच्या रेणूंच्या एकत्र येण्याशी जोडला जातो.

आता आत काय घडतं ते. मिथिलीन ब्लूचा रेणू चपटा असतो, तीन कडी एका पातळीत, आणि त्यावर एक धन भार. चपट्या भागाला पाणी फारसं मानवत नाही. दोन रेणू भेटले तर भाकरीवर भाकरी ठेवावी तसे एकमेकांवर बसायला ते तयार असतात, पण दोघांवरही धन भार असल्यामुळे एकमेकांना ढकलतात. मोकळ्या पाण्यात या ओढाताणीत फारसं कुणी जिंकत नाही. मोजलेल्या स्थिरांकांवरून हिशेब केला तर १० मायक्रोमोलर द्रावणात शंभरातले सात-आठ रेणूच जोडीने असतात.

या पाण्यात ऋण भारांची साखळी सोडली की दोन गोष्टी एकदम घडतात. साखळीचा ऋण भार रंगाच्या धन भाराला खेचतो. आणि साखळीवर बसलेल्या शेजाऱ्यांमधली ढकलाढकल शमते, कारण प्रत्येकाखाली त्याचा भार झेलणारा सल्फेट असतो. एक साधा अंदाज मांडून बघा. आयोटा कॅरागीननमध्ये दोन कड्यांची एक जोडी साधारण १ नॅनोमीटर लांब आणि तिच्यावर दोन सल्फेट, म्हणजे सरासरी दर अर्ध्या नॅनोमीटरला एक भार. साखळीभोवती १ नॅनोमीटर त्रिज्येची नळी कल्पिली आणि प्रत्येक भारावर रंगाचा एक रेणू बसला असं धरलं, तर त्या नळीतली रंगाची तीव्रता लिटरला सुमारे १ मोल होते. फ्लास्कची सरासरी मात्र १० मायक्रोमोलरच. म्हणजे साखळीच्या अंगालगत रंग लाखपट दाट झाला. इतक्या दाटीत एकमेकांवर न बसून ते जातील कुठे?

विद्यार्थ्यांना हे सांगताना मी पंगतीचा दाखला देते. मांडवात पाट मांडलेत, पाहुणे येताहेत. येणारा पाहुणा कोपऱ्यातल्या एकट्या पाटावर बसत नाही, ओळखीच्या माणसाच्या शेजारी बसतो. त्याच्या शेजारी पुढचा बसतो. म्हणून पंगत विखुरलेली भरत नाही, सलग भरत जाते. रंगाचे रेणूही तसेच बसतात: आधी बसलेल्याच्या शेजारची जागा रिकाम्या साखळीवरच्या एकट्या जागेपेक्षा जास्त हवीहवीशी असते. भौतिक रसायनात याला सहकारी बंधन म्हणतात. पाट पाहुण्यांइतकेच असतील तर सगळे खांद्याला खांदा लावून बसणार. पाट दसपट मांडले तरी ओळखीचे लोक पटकन विखुरत नाहीत. पण मांडवभर पाट मांडत गेलात तर हळूहळू काही जण लांब जाऊन बसतातच.

कोष्टकातल्या उलट्या आकड्यांचा उलगडा इथेच झाला. आयोटा कॅरागीननवरच्या एक मोल ऋण भारामागे वजन धरायचं साधारण २५५ ग्रॅम. म्हणजे १० मायक्रोमोलर रंगाला भारास भार जुळायला लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास पॉलिमर पुरतो. तिची ३ मिलिग्रॅमची मात्रा नेमकी या बिंदूच्या किंचित पुढची होती: पाहुण्यांइतकेच पाट, सगळे दाटीने, ६६४ ला जवळजवळ कुणी नाही. २०० मिलिग्रॅमला एका रेणूमागे जवळपास ऐंशी जागा, म्हणून काही रेणू सुटे होऊन ६६४ ला परतले. कणांवर उलटा भार चढण्याचा इथे काही संबंध नव्हता. साखळीच्या जागा आणि रंगाचे रेणू यांच्या गुणोत्तरावर हा रंगबदल कसा ठरतो, आणि प्रत्येक पॉलिमरची रंगाची चळत उभी करण्याची प्रवृत्ती त्यावरून कशी मोजायची, हे ब्रॅडली आणि वुल्फ यांनी १९५९ मध्ये ॲक्रिडीन ऑरेंज हा रंग वापरून मांडलं होतं. आमच्या विद्यार्थिनीने नकळत तोच आलेख काढला होता. फक्त उभ्या अक्षावर नाव चुकीचं घातलं होतं.

शिखर डावीकडेच का सरकतं, हाही प्रश्न आला. चपटे रेणू समोरासमोर, तोंडाला तोंड लावून रचले गेले की प्रत्येक रेणूत प्रकाशाने जो विद्युत हेलकावा उठतो, तो शेजाऱ्याच्या हेलकाव्याला समांतर, बाजूबाजूने असतो. असे दोन हेलकावे एकाच तालात उठायला जास्त ऊर्जा लागते, म्हणजे लहान तरंगलांबीचा प्रकाश. ही मांडणी मायकेल काशा यांनी १९६० च्या दशकात सुबकपणे मांडली आणि अशा चळतींना एच-ॲग्रिगेट म्हणतात. रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे तिरके, एकापुढे एक सरकत रचले गेले तर उलटं होतं, शिखर तांबड्या बाजूला सरकतं आणि सुईसारखं टोकदार होतं. ते जे-ॲग्रिगेट, जेली आणि शाइबे यांनी १९३६ च्या सुमारास सायनीन रंगांत पाहिलेले. मिथिलीन ब्लू आमच्याकडे पहिल्या वाटेने गेला.

अल्जिनेटवर भारांमधलं अंतर आयोटा कॅरागीननच्या जवळपासच असतं, साधारण अर्धा नॅनोमीटर. मग तिथे परिणाम इतका मवाळ का? मला वाटतं, हा प्रश्न आपण वर्गात पुरेसा विचारत नाही, कारण ‘ऋण भार’ म्हटलं की आपलं समाधान होतं. कार्बॉक्सिलेट गट स्वतःभोवती पाणी घट्ट धरून ठेवतो, मोठ्या सेंद्रिय धन आयनासाठी ते सहज सोडत नाही. सल्फेट त्या मानाने मोकळा. ऊतिशास्त्रात हा क्रम फार पूर्वीपासून वापरात आहे: सल्फेट सर्वांत पुढे, मग फॉस्फेट, मग कार्बॉक्सिलेट. भेंडीच्या साखळीत आम्लगटच विरळ, त्यात त्यांच्या मधे भाररहित साखरा. तिथे पंगत भरतच नाही.

आता कोष्टकाचं काय करायचं? रंग खरंच किती उरला आहे, हे मोजायचं तर आधी चळती मोडायला हव्यात. त्यासाठी सर्वांत सोपं हत्यार मीठ. सोडियम क्लोराइड भरपूर घातलं की सोडियमचे आयन साखळीभोवती गर्दी करतात, साखळीची ओढ झाकली जाते आणि रंग सुटा होऊन पाण्यात येतो. जांभळ्या फ्लास्कमध्ये लिटरला अर्धा मोल होईल इतकं मीठ टाकून ढवळलं आणि आमच्या डोळ्यांदेखत द्रावण निळं झालं. ती मुलगी काहीच बोलली नाही. तिने दुसरा फ्लास्क घेतला, त्यात मीठ टाकलं, तो निळा होताना पाहिला. मग तिसरा. मामाही हात पुसत येऊन उभे राहिले होते.

मोजणी नव्याने केली. तुलनेचं द्रावणही आता त्याच मिठात, कारण मिठाने रंगाचा स्वतःचा ॲबसॉर्बन्सही थोडा बदलतो. न गाळलेल्या रंगाचा आला ०.७८. याखेरीज पहिल्यांदा आम्ही जे केलंच नव्हतं ते केलं: पॉलिमर न घालता नुसता रंग फिल्टर पेपरमधून गाळला, म्हणजे कोरी चाचणी घेतली. तो आला ०.७५. म्हणजे कागदच थोडा रंग धरत होता. सेल्युलोजवर थोडे कार्बॉक्सिल गट असतात आणि मिथिलीन ब्लू त्यांना चिकटतो; हात निळे झालेल्या कुणालाही हा रंग काय काय धरून बसतो ते माहीत आहे. कॅरागीननचं गाळलेलं द्रावण मीठ घातल्यावर आलं ०.७६. भेंडीचं आलं ०.७१.

या चार आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. कॅरागीननने रंग काढला नव्हताच, उलट कागदाला चिकटू पाहणाऱ्या रंगालाही आपल्या अंगावर धरून पाण्यात ठेवलं होतं. ८२ टक्के वाटलेला पॉलिमर कोऱ्या चाचणीपेक्षाही कमी रंग काढत होता. आणि यादीत तळाशी असलेली भेंडी, तिच्या तंतूंवर आणि न विरघळलेल्या कणांवर थोडा रंग घेऊन कागदावर थांबली होती. कोऱ्या चाचणीची वजावट केली तर जेमतेम पाच टक्के. पाच टक्के म्हणजे काही मिरवण्यासारखं नाही, पण या दोघांत तोच एक आकडा खरा होता.

तिने पंचगंगेच्या पाण्यातही हा प्रयोग केला होता. राजाराम बंधाऱ्याजवळून पाणी आणून, गाळून, त्यात रंग आणि कॅरागीनन. तिथे ‘काढून टाकलेला रंग’ ८२ वरून ३५ टक्क्यांवर उतरला होता आणि आम्ही लिहिलं होतं, “नदीतल्या अशुद्धींचा अडथळा.” आता त्या वाक्यालाही अर्थ आला. नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन असतात, प्रत्येकावर दोन भार. ते साखळीवरच्या जागा बळकावतात आणि रंगाच्या चळती विरळ होतात. अडथळा आला तो रंग काढण्यात नव्हे. आमच्या चुकीच्या मोजमापात आला होता, आणि नदीचं पाणी एका अर्थी आम्हाला सत्याच्या जवळ नेत होतं.

इथे थोडं थांबून एक सांगायचं आहे. कोल्हापुरात पाण्यातल्या रंगाचा विषय निघाला की मन आपोआप इचलकरंजीकडे जातं. तिथल्या सुती कापडावर चालणारे रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे असतात, मिथिलीन ब्लूच्या उलट. सांडपाणी निवळायला धन भाराचे पॉलिमर वापरतात. भारांची अदलाबदल झाली तरी गोष्ट तीच राहते: ऋण रंगही धन साखळीवर रांगेने बसतात आणि त्यांचंही शिखर सरकू शकतं. म्हणून कुठल्याही प्रकल्पात, कुठल्याही रंगासाठी, पॉलिमर घातल्यानंतर एकाच तरंगलांबीच्या आकड्यावरून ‘इतका रंग गेला’ असं लिहिलेलं मला आता मान्य होत नाही. पूर्ण आलेख हवा. चळती मोडून घेतलेलं मोजमाप हवं. आणि जो रंग गेला म्हणता तो कुठे गेला, ते दाखवायला हवं: कागदावर, गाळात, काचेवर, कुठेतरी. तो सापडला नाही तर तो गेलेला नाही. माझ्या सहीखाली यापुढे या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय कोष्टक जाणार नाही, हे मी विभागाच्या बैठकीत सांगितलं. एक-दोघांना ते जास्त वाटलं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला इतकं कशाला, असा त्यांचा सूर होता. मला वाटतं, मोजायला शिकण्याची जागा तीच आहे.

प्रकल्प बुडाला नाही. ज्या रंगबदलाने आम्हाला फसवलं, तोच तिने मोजपट्टी म्हणून वापरला. जपानमध्ये तेरायामा यांनी १९५२ मध्ये कोलॉइड टायट्रेशनची पद्धत दिली: द्रावणात धन भाराचा पॉलिमर, सूचक म्हणून टोल्युडीन ब्लूचे दोन थेंब, आणि ब्युरेटमधून ऋण भाराचा पोटॅशियम पॉलिव्हिनाइल सल्फेट. धन पॉलिमर शिल्लक असेपर्यंत ऋण साखळ्या त्याच्याशी जुळत राहतात आणि सूचक निळा राहतो. तो संपला की पुढचा थेंब रिकामी साखळी घेऊन येतो, टोल्युडीन ब्लू तिच्यावर चळत रचतो आणि द्रावण जांभळं होतं. भेंडीच्या पाण्यात धन पॉलिमर मोजून जास्तीचा घालायचा आणि उरलेला असा परत मोजायचा, म्हणजे भेंडीवर भार किती ते कळतं. निळ्याचा जांभळा होणारा तो थेंब पकडायला तिला चार दिवस लागले. गुऱ्हाळातली कोवळी खोडं आणि जून खोडं यांच्या चिकट पाण्यातला फरक ती आता आकड्यात सांगू शकत होती. घरी गुळव्याने तो फरक तिला हाताने चोळून आधीच सांगितला होता.

मार्चच्या शेवटी प्रयोगशाळा आवरताना खिडकीतल्या फडताळामागे एक फ्लास्क सापडला. लेबलावर ‘कॅरागीनन, ३ मिलिग्रॅम’ आणि फेब्रुवारीतली तारीख, मिठाआधीचा. महिनाभर कुणी हलवला नव्हता. वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं आणि तळाला जांभळ्या गाळाचा पातळ थर. भारास भार जुळलेल्या साखळ्यांना पाण्यात तरंगत ठेवणारं फारसं काही उरत नाही. त्या सावकाश एकमेकींना चिकटून खाली बसल्या होत्या. अर्ध्या तासात जे झालं नव्हतं, ते एका महिन्यात झालं होतं.

आम्ही तिघांनी फ्लास्क न हलवता टेबलावर आणला. तिने वरचं पाणी पिपेटने हळूच काढून घेतलं, त्यात मीठ टाकलं, ढवळलं. ते स्वच्छच राहिलं. मग तळातल्या गाळावर मिठाचं पाणी ओतून फ्लास्क गोल फिरवला. गाळ विरघळत गेला आणि फ्लास्क निळाभोर झाला. तो तिने मूळ आकारमानापर्यंत भरून क्युव्हेटमध्ये घेतला, ६६४ ला लावला आणि वहीत लिहिलं: ०.७१. मग रकान्याचं शीर्षक लिहायला पेन उचलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, उरलेला ०.०७ काचेवर असेल का?” आणि मामांना म्हणाली, “मामा, फ्लास्क धुऊ नका हं अजून.”